टिपणीसकाकांची काडतुसं

"बसा हो, हे गॅरेजमध्ये दारू भरतायत, येतीलच एवढ्यात," असं शैलाकाकू अगदी सहज म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. मी आणि माझी बायको एकमेकांकडे बघत राहिलो. मेडनहेडच्या त्या जोडघरात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. कंपनीने पुण्याहून पाठवलेलं, ओळखीचं कुणी नाही, आणि शेजारी मराठी कुटुंब आहे कळल्यावर हरखून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. घरात देव्हारा, उदबत्तीचा वास, भिंतीवर मुलीचा पदवीचा फोटो. आणि घरचे कर्ते पुरुष रविवारी सकाळी गॅरेजमध्ये बसून दारू भरतायत.

काका आले तेव्हा त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता. उंच, सडपातळ, करड्या स्वेटरवर टाय. त्यांनी आधी बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि मग नमस्कार केला. आमचे चेहरे बघून काकूंच्या लक्षात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अहो, ती दारू नव्हे. बंदुकीची. काडतुसात भरायची. त्या दारूला हे शिवतसुद्धा नाहीत."

मधुकर टिपणीस साठच्या दशकाच्या शेवटी नाशिकहून इंग्लंडला आले आणि जवळच्याच एका हॉस्पिटलच्या औषधविभागात निवृत्तीपर्यंत फार्मासिस्ट होते. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात धरली होती. इथे आल्यावर हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याबरोबर सरेमधल्या नेमबाजीच्या मोठ्या रेंजवर गेले आणि तिथलेच झाले. शिकारीचं त्यांना वावडं होतं. बागेतल्या गोगलगायीसुद्धा ते कागदावर उचलून कुंपणापलीकडे सोडत. त्यांना फक्त फार लांबवर उभ्या केलेल्या कागदावरच्या एका काळ्या वर्तुळात रस होता.

आणि खरं सांगायचं तर त्या वर्तुळापेक्षाही जास्त रस काडतुसात होता. दुकानातलं तयार काडतूस ते क्वचितच वापरत. एकदा उडवलेल्या पितळी पुंगळ्या ते रेंजवरून गोळा करून आणत, साफ करत, प्रेसमध्ये घालून पुन्हा मापात आणत, तोंडं एका लांबीची कापत. बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसवत, दारू तोलून भरत आणि वर गोळी बसवत. एकदा मी विचारलं की तयार काडतुसं मिळत असताना हा खटाटोप कशाला. काकांची एक सवय होती, प्रश्न विचारला की ते लगेच उत्तर देत नसत. चष्मा काढून पुसत, पुन्हा लावत, मग बोलत.

"कारखान्यातलं काडतूस सगळ्यांच्या रायफलींसाठी असतं," ते म्हणाले. "माझं फक्त माझ्या रायफलीसाठी. दारूत दोनचार कणांचा फरक पडला तर हजार यार्डांवर गोळी वीतभर वर नाहीतर खाली जाते. वाऱ्याचं माझ्या हातात काही नाही. पण पुंगळीत काय आहे ते आहे."

"अंदाजे" हा शब्द त्यांना सहन होत नसे. काकूंचा सगळा स्वयंपाक मात्र अंदाजे. चिमटीने मीठ, ओंजळीने पीठ, आणि आमटी रोज तीच चवदार. काका त्यांच्याकडे बघत बसत आणि शेवटी हार मानून म्हणत, "तुझ्या हातातच तराजू आहे, शैला. मला आपला टेबलावर ठेवावा लागतो."

त्या गॅरेजला नियम होते. काका दारू तोलत असताना कुणी बोलायचं नाही. रेडिओ बंद, फोन बाहेर. मध्येच कुणी दार उघडलं तर ते रागवत नसत, पण तोवर तोललेली सगळी दारू शांतपणे डब्यात परत ओतत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. त्यामुळे काकूंनी एकदा जेवायला हाक मारली आणि जेवण दुपार टळून गेल्यावर झालं, हा घरातला कायमचा किस्सा होता. दुसरा नियम त्याहून कडक. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. बाकीचे कुलपात. वेगवेगळ्या दारूचे करडे कण बघायला सारखेच असतात, पण एक सावकाश जळते आणि एक झपाट्याने. एकदा पुंगळीत गेली की कोणती आहे ते डोळ्यांना कळत नाही. रायफलीला मात्र कळतं. जास्त झपाट्याची असेल तर रायफल फुटू शकते.

त्यांच्याबरोबर रेंजवर मी अधूनमधून नुसता बघायला जात असे. तिथे माझी ओळख कॉलिनशी झाली. हा हाउन्सलोचा, विमानतळावर सामान चढवण्याच्या खात्यात आयुष्य काढलेला, बुटका, लालबुंद चेहऱ्याचा, बडबड्या इंग्रज. दोघे वीसेक वर्षं एकमेकांशेजारी चटई टाकून, पालथे पडून नेम धरत आलेले. कॉलिन दुकानातली काडतुसं वापरायचा आणि हरल्यावर काडतुसांना शिव्या द्यायचा. काका त्याला कधी उपदेश करत नसत. ते म्हणाले होते की त्याने विचारलं तर सांगीन, आणि कॉलिनने वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले त्या उन्हाळ्यात एका रविवारी काका नेहमीसारखी रायफलीची लांब पिशवी गाडीत ठेवत होते. समोरच्या घरात नवीन कुणी राहायला आलं होतं. त्या लोकांनी ते बघून पोलिसांना फोन केला. गाडी आली, दोन पोलीस उतरले. मी खिडकीतून बघितलं आणि धावत बाहेर गेलो, तर काका हात शरीरापासून दूर धरून, तळवे उघडे ठेवून घरासमोरच्या ड्राइव्हवर उभे होते. ते कुणीही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच तसं उभं राहायचं ठरवलं होतं. पुढे परवान्याचं सर्टिफिकेट दाखवून झालं, भिंतीत बसवलेलं बंदुकीचं कपाट दाखवून झालं, पोलिसांनी दिलगिरीही व्यक्त केली. काकूंनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही." आणि वर जाऊन झोपले. दिवसा झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचा रविवार ते गेले नाहीत. त्यापुढचाही नाही. मग एका सकाळी कॉलिनची जुनी गाडी दारात थांबली. तो उतरला, काकूंना गुड मॉर्निंग म्हणाला, काकांना गॅरेज उघडायला लावलं आणि ती लांब पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन रमतगमत ड्राइव्हवरून चालत निघाला. मध्येच थांबून, समोरच्या घराकडे तोंड करून हवेबद्दल मोठमोठ्याने काहीतरी बोलला. काका मागून टाय सारखा करत चालत होते. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. या गोष्टीबद्दल दोघांमध्ये एक शब्दही झाला नसावा.

पुढच्या वर्षी एका स्पर्धेत काकांनी शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारली. अगदी मध्यभागी, पण दुसऱ्याच्या. असं कधीमधी सगळ्यांचंच होतं. टार्गेटं ओळीने उभी असतात, नंबर चुकतो. गुण शून्य धरतात आणि सगळे हसतात. काकाही हसले, सगळ्यांना चहा पाजला. महिन्याभरात पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. नंबरांच्या पाट्या कुणीतरी बदलल्या आहेत असं ते शांतपणे पण ठामपणे सांगत राहिले. परत येताना गाडीत त्यांनी कॉलिनला विचारलं की आज कोण जिंकलं. कॉलिनने सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. कॉलिनने पुन्हा सांगितलं, त्याच सुरात, जणू पहिल्यांदाच सांगतोय. मी मागच्या सीटवर होतो. मला आरशात कॉलिनचे डोळे दिसत होते.

एका शनिवारी दुपारी आमच्या भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. टक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा टक्. बराच वेळ चाललं होतं. तेवढ्यात काकू आमच्या मागच्या दाराशी आल्या. "संदीप, जरा येतोस का? ह्यांनी आतून कडी लावलीय. जेवायलाही आले नाहीत. विचारलं तर थांब म्हणतात."

मी हाक मारल्यावर काकांनी दार उघडलं. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पोकळ हातोडी होती. भरलेलं काडतूस तिच्यात बसवून आपटलं की गोळी आणि दारू बाहेर येते, भरलेलं पुन्हा मोकळं करण्यासाठी असते ती. समोर मोकळ्या केलेल्या पुंगळ्यांची ओळ आणि एका वाडग्यात दारू. टेबलाच्या कडेला दारूचे दोन डबे होते. दोन्ही उघडे.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग नियम आठवला.

"दुसरा डबा मी केव्हा काढला ते मला आठवत नाही," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे. म्हणजे मीच काढला. कोणत्या काडतुसात काय गेलंय ते मला सांगता येत नाही. कदाचित सगळी ठीक असतील."

मी म्हटलं की लक्षात आलं हे तर बरंच झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आज आलं," ते म्हणाले.

मग ते उरलेली काडतुसं फोडत राहिले. मी तिथेच स्टुलावर बसून होतो. दारात काकू उभ्या होत्या, त्यांना दोन डब्यांचा अर्थ माझ्याआधी कळला होता.

दुसऱ्या दिवशी अंजू आली. ही त्यांची एकुलती मुलगी, क्रॉयडनला एका वकिलाच्या ऑफिसात काम करणारी, इथेच जन्मलेली. वडिलांवर तिचा फार जीव. काकांनी ठरवून टाकलं होतं की रायफल, सर्टिफिकेट, सगळं परत करायचं, आणि ते स्वतःच पोलिसांना फोन करणार होते. काकू म्हणत होत्या की आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ, तपासण्या होऊ देत, मग काय ते ठरवा. मला काकूंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पण त्या घरात त्या दिवशी माझा काही उपयोग नव्हता.

"बाबा, तू लोड नको करू ना," अंजू म्हणाली. "फॅक्टरीचा काडतूस घे. कॉलिन घेतो तसा. शूटिंग का सोडते तू? तुझ्याकडे दुसरा काय आहे?"

तिची मराठी अशीच, लिंग-वचनात अडखळणारी. एरवी काका प्रेमाने दुरुस्त करत. त्या दिवशी त्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

"आधी दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलं," ते म्हणाले. "मग दुसरा डबा काढला. आता तिसरं काय होतंय ते बघायला थांबू? अगं, माझ्या शेजारी कॉलिन आडवा पडलेला असतो. हात लांब केला तर त्याच्या कोपराला लागतो."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी नळ मोठा सोडला. बराच वेळ तो तसाच चालू होता. कुणीच तो बंद करायला गेलं नाही.

सोमवारी सकाळी काकांनी फोन केला. काही दिवसांनी पोलिसांच्या परवाना खात्यातून एक मध्यमवयीन बाई आल्या. त्यांनी दोनदा विचारलं की तुमची खात्री आहे ना. काकांनी रायफल आदल्या दिवशी तेल देऊन पुसून ठेवली होती. कागदपत्रं होऊन ती कॉलिनकडे गेली, त्याने तसा आग्रहच धरला होता. तो ती न्यायला आला. दाराशी थांबून त्याने काकांना विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, की ही काडतुसं भरायची कशी असतात, मला शिकवशील का.

तपासण्यांतून जे निघायचं ते निघालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, काकांनी ते फार्मासिस्टच्या शांतपणे ऐकलं आणि कोणत्या गोळीचा किती उपयोग होतो, किती होत नाही, हे काकूंना स्वतःच समजावून सांगितलं. काकूंनी मला नंतर सांगितलं, "जणू दुसऱ्याच कुणाचं प्रिस्क्रिप्शन वाचत होते."

मग ते शिकवणं सुरू झालं. काकांचं सगळं सामान आता कॉलिनच्या नावावर, पण टेबल तेच, कारण कॉलिनच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. दारूचे डबे तो स्वतः घेऊन येई आणि जाताना घेऊन जाई. काका शेजारी खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसत. कशालाही स्पर्श करायचा नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. कॉलिनचे हात जाडे आणि घाईचे. तो दारू सांडायचा, पुंगळी चेपायचा, शिवी देऊन माफी मागायचा. काका पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. आयुष्यभर बडबड केलेला तो माणूस त्या गॅरेजमध्ये तोंड मिटून बसायला शिकला.

हळूहळू काकांचं इंग्रजी मागे पडू लागलं. ज्या भाषेत सगळी नोकरी केली ती आधी गेली. मध्येच शब्द अडायचा आणि ते मराठीत बोलायला लागायचे. "हळू. अजून थोडी. हां, थांब. आता ओत." कॉलिन मान डोलवून तसंच करायचा. काकू भाषांतर करायला दाराशी जायच्या तर तो हाताने नको म्हणायचा. एकदा मला म्हणाला की तो काय म्हणतोय ते मला कळतं, त्याच्या आवाजावरून कळतं. मी तिथे उभं राहून पाहिलंय. खरंच कळत होतं.

हे वर्षभर तरी चाललं असेल. एका रविवारी मी काकूंना किराणा द्यायला गेलो होतो. कॉलिन टेबलाशी दारू तोलत होता. काका खुर्चीवरून उठले, गॅरेजचं आतलं दार उघडून स्वयंपाकघरात आले आणि काकूंना विचारू लागले, "शैला, तिथे तो गोरा माणूस कोण बसलाय? आपल्या गॅरेजमध्ये काय करतोय?"

आवाज दबका होता, पण दार उघडं होतं. मराठी येत नसली तरी कॉलिनला ते कळलं. काकांनी बोट त्याच्याकडेच केलं होतं. काकूंनी काकांचा हात धरला. मी पिशव्या हातात घेऊन उभा होतो. कॉलिनने तराजूतली दारू डब्यात परत ओतली, झाकण लावलं, टेबल पुसलं. मग बेसिनशी येऊन कोपरापर्यंत हात धुतले. काकांसमोर येऊन मान लववली, आपलं नाव सांगितलं आणि भेटून आनंद झाला म्हणाला. काकांनी अदबीने हात मिळवला.

दाराबाहेर गाडीत तो बराच वेळ बसून होता. गाडी सुरू केली नव्हती. मी जवळ गेलो तर म्हणाला, पुढच्या रविवारी येतो असं शैलाला सांग. आणि तो आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. दर वेळी नाव सांगायचा, हात मिळवायचा, बसायचा. टेबल, प्रेस सगळं त्याने नंतर हळूहळू आपल्या घरी हलवलं. कुठे ठेवलं कुणास ठाऊक.

आमचा परतीचा दिवस ठरला तेव्हा बायको आणि मी निरोप घ्यायला गेलो. वसंताचे दिवस होते, मागच्या अंगणात ऊन होतं. काकूंनी काकांना खुर्चीवर बसवून त्यांची दाढी चालवली होती. फेस लावलेला चेहरा वर करून, डोळे मिटून ते बसले होते. काकू एका हाताने हनुवटी धरून वस्तरा फिरवत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या, टॉवेलने त्यांचा चेहरा पुसला आणि वाकून म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय. ओळखलंत का ह्यांना?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, या आजारातली माणसं बोलतात, मान डोलावतात, अंदाजाने हसतात. ते म्हणाले, "नाही."

मग थोडं थांबून, काकूंना, "पण माणसं चांगली दिसतात. बसू दे त्यांना."

आम्ही बसलो. चहा झाला. काकूंनी बायकोची ओटी भरली. काका उन्हात हात पसरून बसले होते आणि आमचं बोलणं सभ्यपणे ऐकत होते. निघताना आम्ही वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि सुखाने राहा म्हणाले.

ते आम्हाला फाटकापर्यंत पोहोचवायला आले. एका हाताने काकूंना धरलं होतं, अर्ध्या गालावरची दाढी अजून तशीच होती. आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. वळणाशी मी मागे वळून पाहिलं. आमच्या मागून एक निळी गाडी चालली होती, काका तिलाही हात करत होते. तिच्यामागे एक व्हॅन होती, तिलाही.